विद्यापीठ सुधारायचं तर आधी परीक्षा भवन गाठा

विद्यापीठ कसं सुधारावं यावर आपल्याकडे समित्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. १९४८ चा राधाकृष्णन आयोग, १९६४-६६ चा कोठारी आयोग, २००९ ची यशपाल समिती, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. सगळ्यांनी थोड्याफार फरकाने एकाच दुखण्यावर बोट ठेवलं: एका विद्यापीठाला शेकडो कॉलेजं जोडायची आणि त्यांच्या परीक्षा घेत बसायचं, ही पद्धत. राधाकृष्णन आयोगाने तर एकच सुधारणा सुचवायची असेल तर ती परीक्षेची, असं तेव्हाच लिहून ठेवलं. तरीही सुधारणा म्हटली की आपण सुरुवात करतो ती नव्या इमारतीपासून, नव्या कायद्यापासून नाहीतर रँकिंगपासून.

हा लेख अधिसभेत (सिनेटमध्ये), अभ्यास मंडळात, कॉलेजच्या व्यवस्थापनात किंवा नुसतं स्टाफरूममध्ये बसून काही करू पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुंबईची आहेत, पण भारतातल्या किंवा आफ्रिकेतल्या ज्या विद्यापीठांचा सांगाडा इंग्रजी अमदानीतला आहे, तिथे हा क्रम बऱ्याच अंशी चालेल. आणि क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. मागची पायरी पुढे घेतली तर पैसा आणि माणसं दोन्ही वाया जातात.

थोडी पार्श्वभूमी. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ ला स्थापन झालं, ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं एल्फिन्स्टन, विल्सनसारख्या कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. लंडनने १९०० च्या सुमारास स्वतःला शिकवणारं विद्यापीठ करून घेतलं. आपण कालिन्याच्या संकुलात विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे केले, पण जुनं ओझंही डोक्यावर ठेवलं. आज आठशेहून अधिक कॉलेजं, मुंबई शहर आणि उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी ते सिंधुदुर्गापर्यंत. या पसाऱ्यात प्राध्यापकाने वर्गात काय शिकवायचं हे अभ्यासक्रम कागदावर ठरवतो. प्रत्यक्षात ते गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका ठरवतात. म्हणून सुरुवात तिथून.

पायरी १: निकालाचं वेळापत्रक उलटं मांडा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ सांगतो की शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावावा. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने ऐन वेळी सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं, तेव्हा या मुदतीचं काय झालं हे सगळ्यांना आठवत असेल. राज्यपालांनी जुलैअखेरची तारीख घालून दिली, तीही उलटली. परदेशी प्रवेश हुकले, इतर विद्यापीठांचे एमएचे प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. तंत्रज्ञान वाईट नव्हतं. पण ते एका छोट्या परीक्षेवर आजमावून न पाहता लाखो उत्तरपत्रिकांवर एकदम लादलं गेलं.

तुम्ही काय कराल? शेवटच्या दिवसापासून मागे मोजा. गुणपत्रिका छपाई आणि निकाल जाहीर करायला चार दिवस. गुणांची जुळवणी, गैरहजर आणि राखीव निकालांची तपासणी, सहा दिवस. मॉडरेशन, म्हणजे तपासलेल्या काही उत्तरपत्रिका वरिष्ठाने पुन्हा पाहणं, पाच दिवस. पंचेचाळीसपैकी उरले तीस. यात तपासणी बसते का, हे प्रत्येक विषयापुरतं आकडे मांडून पाहा. समजा एका पेपरला ३०,००० उत्तरपत्रिका आहेत आणि एक प्राध्यापक नीट तपासून दिवसाला ३० करतो. यादीत ५०० परीक्षक असतील तर दोन दिवसांचं काम. पण कॅप सेंटरवर, म्हणजे जिथे उत्तरपत्रिका एकत्र तपासतात त्या केंद्रावर, प्रत्यक्षात १२० जण आले तर नऊ दिवस लागतात, आणि त्यातले निम्मे सकाळी सुपरव्हिजन करून दुपारी येत असतील तर पंधरवडा धरा. एकदा ही आकडेमोड टेबलावर आली की बैठकीतलं अर्धं भांडण संपतं.

दोन सोपे उपाय हाताशी आहेत. पहिला, वेळापत्रक लावताना सर्वाधिक विद्यार्थ्यांचे पेपर आधी ठेवा. टीवायबीकॉमचे मोठे पेपर पहिल्या आठवड्यात झाले की त्यांची तपासणी दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येते. दहा-बारा विद्यार्थ्यांचे ऐच्छिक विषय शेवटी गेले तरी बिघडत नाही. दुसरा, परीक्षकाचं मानधन वेळेवर द्या. मागच्या वर्षीचं बिल अजून निघालं नसेल तर यंदा माणूस कॅपला का येईल?

पायरी २: प्रश्नपत्रिका बदला, पण दरवर्षी थोडी

एक प्रश्न जवळून पाहू. पदवीच्या अर्थशास्त्रात हमखास येणारा: ‘महागाईची कारणे व परिणाम स्पष्ट करा. (१५ गुण)’. गाईडमध्ये याचं पान ठरलेलं, कारणं सात, परिणाम सहा. विद्यार्थी पाठ करतो, परीक्षक मुद्दे मोजतो, दोघांचंही काम दहा मिनिटांत होतं.

आता हाच विषय असा विचारा: ‘कल्याणमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाचा दोन वर्षांचा मासिक खर्च दिला आहे: घरभाडं, किराणा, लोकलचा पास, गॅस, शाळेची फी. (अ) या कुटुंबापुरती महागाई किती टक्क्यांनी वाढली ते काढा. (ब) सरकारी ग्राहक किंमत निर्देशांक यापेक्षा कमी निघाला, तर त्याची दोन कारणं द्या. (क) रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवले तर यातला कोणता खर्च आटोक्यात येऊ शकतो आणि कोणता नाही?’ प्रत्येकी पाच गुण. याचं उत्तर गाईडमध्ये सापडत नाही, आणि वर्गात एकदा तरी निर्देशांक काढून दाखवल्याशिवाय प्राध्यापकाची सुटका नाही.

अडचणीही लगेच येतात. पेपर संपायच्या आत ‘सिलॅबसबाहेरचा प्रश्न’ म्हणून विद्यार्थी संघटनेचं निवेदन दारात असतं. प्राध्यापकांचा एक गट म्हणतो, आमच्या मुलांना हे जमणार नाही, ग्रामीण भागातली मुलं आहेत. (माझा अनुभव उलटा आहे. घरखर्चाचा हिशेब ठेवणारी मुलं टक्केवारीत अडखळतात, पण (ब) आणि (क) ला ती शहरातल्या मुलांपेक्षा जास्त मनापासून लिहितात.) तेव्हा पहिल्या वर्षी फक्त २० टक्के गुण अशा प्रश्नांना द्या. जूनमध्येच नमुना प्रश्नपत्रिका आणि गुणदानाचा तक्ता मराठी आणि इंग्रजी दोन्हींत जाहीर करा. पुढच्या वर्षी ३५ टक्के. तिसऱ्या वर्षी अर्ध्यावर या आणि तिथे थांबा. पाठांतराला थोडी जागा हवीच, नाहीतर व्याख्यासुद्धा कोणी लक्षात ठेवणार नाही.

असे प्रश्न तपासायला अवघड असतात हे खरं. त्यासाठी कॅपच्या पहिल्या सकाळी तपासणी सुरू करू नका. त्याच पेपरच्या पाच उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स सगळ्या परीक्षकांना वाटा, प्रत्येकाने स्वतंत्र गुण द्यावेत, मग आकडे फळ्यावर लिहा. एकाच उत्तराला कोणी ४ दिलेले असतात, कोणी ११. त्यावर तासभर वाद होऊ द्या. या एका सकाळीने जे साधतं ते पुनर्मूल्यांकनाच्या तीन महिन्यांनी साधत नाही.

आणि पुनर्मूल्यांकनाचे आकडे विषयवार प्रसिद्ध करा: किती अर्ज आले, किती जणांचे गुण बदलले, किती नापास पास झाले. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे लपवण्यासारखं तसंही काही उरलेलं नाही.

पायरी ३: कॉलेजांचे तीन गठ्ठे करा

आठशे कॉलेजांना एकच नियम लावायचा हट्ट सोडला पाहिजे. पहिल्या गठ्ठ्यात स्वायत्त होण्याच्या, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः चालवण्याच्या लायकीची, दुसऱ्यात शेजाऱ्यांशी जोडता येण्यासारखी, तिसऱ्यात विद्यापीठाने हात धरून चालवायची.

निवड करताना नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) श्रेणी पाहा, पण तिच्यावर विसंबू नका. नॅकची फाइल सजवण्यात आपली कॉलेजं आता तरबेज झाली आहेत. त्यापेक्षा मुंबई विद्यापीठात एक कसोटी आयती उपलब्ध आहे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा कॉलेजंच घेत आली आहेत. तेव्हा एका कॉलेजच्या एफवायचा आणि टीवायचा निकाल शेजारी शेजारी ठेवा. घरच्या परीक्षेत ९० टक्के मुलं पास आणि विद्यापीठाच्या परीक्षेत त्याच मुलांचा निकाल ४५ टक्के, असं सलग तीन वर्षं दिसलं तर त्या कॉलेजला स्वायत्तता देणं म्हणजे पुढे तिन्ही वर्षांचा निकाल ९० लागणार, एवढंच.

स्वायत्ततेची वाट आता बरीच मोकळी आहे. सेंट झेवियर्सला ती २०१० मध्ये मिळाली, पुढे रुईया, पोदार, मिठीबाई, जय हिंद अशी रांग लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पहिली मुदत दहा वर्षांची असते आणि मूळ विद्यापीठाने ठराविक काळात मत दिलं नाही तर हरकत नाही असं धरून पुढे जाता येतं. पदवी विद्यापीठाचीच, त्यावर कॉलेजचं नाव. मात्र अर्ज करण्याआधी व्यवस्थापनाने एक गोष्ट करावी: स्वतंत्र परीक्षा विभाग उभा करून एक सत्र तो चालवून पाहावा. उपप्राचार्यांच्या केबिनमधल्या एका कपाटातून स्वायत्त कॉलेजची परीक्षा चालत नाही. फीचा प्रश्नही आधीच सोडवा. स्वायत्तता मिळाली की पहिल्या वर्षी चार विनाअनुदानित कोर्स काढायचे आणि अनुदानित तुकड्या हळूहळू सुकू द्यायच्या, हा प्रकार फार दिसतो. विद्यापीठाने ना हरकत देताना अनुदानित जागा कमी होणार नाहीत असं लिहून घ्यावं.

दुसऱ्या गठ्ठ्यासाठी समूह विद्यापीठाचा मार्ग आहे. २०१९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि शासकीय बीएड कॉलेज मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं; २०२० मध्ये केसी, एचआर आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज मिळून एचएसएनसी विद्यापीठ. जोडताना अंतर पाहा. माटुंग्यात रुईयातून पोदारला आणि तिथून खालसाला पायी जाता येतं. तिथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने शेजारी जाऊन अकाउंट्सचा एक पेपर घेणं शक्य आहे. वसईचं एक आणि पनवेलचं एक कॉलेज जोडून कागदावर ‘बहुविद्याशाखीय’ झालं तरी विद्यार्थी तिथे जाणार नाही. दक्षिण आफ्रिकेने २००० नंतर ३६ उच्च शिक्षण संस्थांचं विलीनीकरण करून २३ केल्या. वर्णभेदाच्या काळातली विभागणी मोडायला ते गरजेचं होतं, पण लांबलांबचे कॅम्पस एका प्रशासनाखाली आणताना पगारश्रेणी, नियम आणि नावांच्या भांडणात वर्षं गेली. आपल्याकडे तेवढी निकड नसेल तर सक्तीच्या विलीनीकरणात पडू नये.

तिसरा गठ्ठा सर्वात मोठा आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. देवगड किंवा जव्हारमधलं छोटं कॉलेज स्वायत्त होणार नाही आणि त्याला जोडायला शेजारीही नाही. त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या उपकेंद्रांना खरे अधिकार द्या: नावातली चूक दुरुस्त करणं, ट्रान्सक्रिप्ट, मायग्रेशन, उत्तरपत्रिकेची छायाप्रत. सावंतवाडीच्या मुलीने गुणपत्रिकेतल्या आडनावासाठी तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून दादर गाठायचं, तिथून कालिन्याला जायचं आणि खिडकीवर ‘साहेब आज नाहीत’ ऐकायचं, हे बंद करायला कायदा बदलावा लागत नाही. सही करायचा अधिकार खाली द्यावा लागतो, एवढंच.

पायरी ४: रिक्त जागा भरण्याची फाइल आधीच तयार ठेवा

नवं धोरण, क्रेडिट बँक, चार वर्षांची पदवी हे सगळं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या खांद्यावर चालू आहे. सीएचबीवरचा शिक्षक दोन कॉलेजांत धावतो, तासाप्रमाणे पैसे घेतो, सुट्टीत त्याला काहीच मिळत नाही. त्याच्याकडून वरच्यासारखी प्रश्नपत्रिका काढून घ्यायची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

भरतीला परवानगी सरकार देतं, हे खरं. पण परवानगी आली तेव्हा किती कॉलेजांची बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी, तपासून तयार होती? बहुतेक ठिकाणी मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, सहसंचालकांचं ना हरकत, जाहिरात, निवड समितीवरचे विषयतज्ज्ञ या साखळीत दोन वर्षं सहज जातात आणि तोवर जीआरची मुदत संपते. म्हणून बिंदुनामावली दर जूनमध्ये, जागा निघो न निघो, अद्ययावत करून घ्या. विद्यापीठाने विषयवार रिक्त पदांची यादी संकेतस्थळावर ठेवावी. आणि संलग्नतेसाठी कॉलेजची पाहणी करणाऱ्या स्थानिक चौकशी समितीने (एलआयसी) एक साधा नियम पाळावा: ज्या विषयात पूर्णवेळ शिक्षक नाही त्यात नवी तुकडी नाही. आज ही समिती चहापाणी, ग्रंथालयातली पुस्तकं मोजणं आणि शेरा लिहिणं यात दिवस काढते.

पायरी ५: संशोधन आणि पदवीचा वर्ग यांची फारकत थांबवा

डॉ. आंबेडकरांनी १९२० च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे निवेदन दिलं होतं. पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे आणि पदवीचं शिक्षण कॉलेजांकडे अशी वाटणी करायला त्यांचा विरोध होता, कारण त्याने अध्यापन आणि संशोधन एकमेकांपासून तुटतात आणि दोन्हींचं नुकसान होतं. नेमकी तीच वाटणी आपण पक्की केली. वर आणखी एक सवय लावून घेतली: जे चांगलं वाढलं ते विद्यापीठाबाहेर काढायचं. विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ चा, यूडीसीटी म्हणून जगभर नावाजलेला. २००८ मध्ये तो वेगळा होऊन आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) झाला. त्याच्यासाठी ते चांगलंच झालं, विद्यापीठाचा मात्र एक मोठा आधार गेला. संशोधनासाठी टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १९४५ मध्ये आणि आयआयटी १९५८ मध्ये याच शहरात उभ्या राहिल्या, तिथल्या शास्त्रज्ञाची आणि बीएस्सीच्या विद्यार्थ्याची गाठ क्वचितच पडते.

व्यवहारात करायचं ते असं. कालिन्यातल्या प्रत्येक विभागाने वर्षाला एक पेपर पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवावा, शनिवारी, जवळच्या कॉलेजांतून निवडलेल्या मुलांना, पूर्ण क्रेडिटसह. कॉलेजातल्या शिक्षकाला पीएचडीचा मार्गदर्शक व्हायचं असेल तर आठवड्यातला एक दिवस विभागात बसायची मुभा द्या आणि तो दिवस कार्यभारात धरा. पीएचडी केंद्रं वाढवण्याची घाई मात्र नको. मार्गदर्शकाकडे ग्रंथालयही नाही अशा ठिकाणी केंद्र काढून फक्त प्रबंधांची बाइंडिंगं वाढतात.

पायरी ६: परीक्षा शुल्कावर जगणं सोडा

सुधारणेच्या आड येणारी ही सर्वात चिवट गाठ आहे. संलग्न विद्यापीठाचं उत्पन्न परीक्षा शुल्क, पुनर्मूल्यांकन शुल्क आणि संलग्नता शुल्क यांवर बरंच टेकलेलं असतं. मोठं कॉलेज स्वायत्त झालं की ते उत्पन्न घटतं. मग स्वायत्ततेची फाइल टेबलावर का पडून राहते याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. म्हणून पायरी ३ सुरू करतानाच पाच वर्षांचा तक्ता मांडा: किती कॉलेजं बाहेर जाणार, किती शुल्क कमी होणार, किती खर्च वाचणार, फरक कुठून भरणार.

फरक भरण्याचे दोन रस्ते जगात दिसतात. युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठाने १९९० च्या दशकात फी भरणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने घेतले. पैसा आला, पगार सुधारले, पण वर्ग फुगले, वसतिगृहं आणि ग्रंथालय अपुरी पडली, आणि शिक्षक संध्याकाळच्या वर्गांत अडकून संशोधन मागे पडलं. ब्राझीलमधल्या साओ पाउलो राज्याने १९८९ मध्ये दुसरी वाट धरली: राज्याच्या विक्रीकरासारख्या एका करातला ठराविक हिस्सा तिथल्या तिन्ही राज्य विद्यापीठांना. पुढे तो ९.५७ टक्क्यांवर स्थिरावला. दरवर्षी मंत्रालयात फाइल घेऊन जायचं कारण राहिलं नाही. मंदीत कर घटला की तिथेही पगाराचे वांधे होतात, तरीही पाच वर्षांपुढचं नियोजन करता येतं. महाराष्ट्राने असा हिस्सा उद्या दिला नाही तरी वेतनेतर अनुदान तीन वर्षांसाठी ठरवून देणं अशक्य नाही. मागणी त्या शब्दांत करा; ‘अनुदान वाढवा’ म्हटलं की अर्थ खात्याचा शेरा ठरलेला असतो.

पायरी ७: अधिसभेत शिरा आणि अर्थसंकल्प वाचा

कायदा बदलण्याची मागणी शेवटी ठेवली आहे, मुद्दाम. २०१६ च्या कायद्यातल्या तरतुदीच अजून पुरत्या वापरल्या गेलेल्या नाहीत. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. मागच्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पदवीधरांचं मतदान झालं सप्टेंबर २०२४ मध्ये. दोन वर्षं कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही, कारण लाखो पदवीधरांपैकी फार थोडे मतदार म्हणून नाव नोंदवतात. नोंदणी सुरू झाल्याची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते. पदवी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र हाताशी ठेवा, अर्ज स्वतः भरा. कोणत्या तरी संघटनेचा कार्यकर्ता भरून देतो म्हणून त्याच्याकडे कागद सोपवू नका.

निवडून गेलात तर मार्चमधल्या अर्थसंकल्पाच्या बैठकीची तयारी जानेवारीत सुरू करा. पुस्तकात प्रत्येक शीर्षाखाली तीन रकाने असतात: अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. भाषणात सांगितले जातात ते पहिल्या रकान्यातले आकडे. तुम्ही तिसरा पाहा. ग्रंथालय, संशोधन, उपकेंद्रं आणि विद्यार्थी कल्याण या चार शीर्षांवर मागच्या तीन वर्षांत तरतुदीच्या किती टक्के पैसे खरोखर खर्च झाले, याचा अर्ध्या पानाचा तक्ता करा आणि सभागृहात वाटा. प्रश्न मुदतीत, लेखी आणि एका वाक्याचे द्या. लांबलचक प्रश्नाला ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं उत्तर मिळतं. निकालाबद्दल विचारायचं असेल तर ‘निकाल उशिरा का लागतात’ असं विचारू नका. ‘हिवाळी सत्रातल्या कोणत्या परीक्षांचे निकाल ४५ दिवसांनंतर लागले, त्यांची यादी आणि प्रत्येकीचे परीक्षक किती नेमले, किती हजर झाले’ असं विचारा, आणि पायरी १ मधली आकडेमोड उपप्रश्नासाठी खिशात ठेवा.